अमेरिकेतली सरकारी विद्यापीठं: फी नेमकी कधी ठरते आणि कायदा कुठे आडवा येतो?

हिशेबनीस

दर मार्च-एप्रिलमध्ये हाच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर येतो. स्टेट युनिव्हर्सिटीचं ॲडमिशन पत्र आलंय, सोबत खर्चाचा तक्ता आहे, पण त्यातली फी चालू वर्षाची आहे आणि खाली बारीक अक्षरात 'अंदाजे' लिहिलंय. खरा आकडा कधी कळणार? उत्तर राज्यागणिक बदलतं, म्हणून एकाच ठिकाणी माहिती गोळा करू. धागा फक्त सरकारी विद्यापीठांपुरता ठेवू. खाजगीवाले साधारण हिवाळ्या-वसंतातच आकडा जाहीर करून मोकळे होतात.

गोची समजायला तीन तारखा शेजारी शेजारी मांडा.

पहिली तारीख १ मे. बहुतेक ठिकाणी याच दिवसापर्यंत 'येतो' म्हणून सांगून डिपॉझिट भरायचं असतं, आणि ते सहसा परत मिळत नाही.

दुसरी तारीख राज्याच्या बजेटची. बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. न्यूयॉर्कचं १ एप्रिलला, टेक्सासचं १ सप्टेंबरला, मिशिगन आणि अलाबामाचं १ ऑक्टोबरला. बजेट मंजूर होईपर्यंत विद्यापीठाला अनुदान किती मिळणार हे पक्कं नसतं.

तिसरी तारीख विश्वस्त मंडळाच्या मतदानाची. अनुदान कळल्याशिवाय मंडळाला फी ठरवायची नसते. त्यामुळे न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाचं मतदान बहुधा जुलैत होतं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला वर्ग भरतात. २०२३ च्या जुलैत तिथे ६ टक्के वाढ झाली, तेव्हा डिपॉझिट भरून दोन महिने उलटले होते. मिशिगन विद्यापीठ जूनमध्ये ठरवतं. पेन स्टेटही जुलैवालं, पण २०२३ च्या जुलैत त्यांनी दोन वर्षांची फी एकदम ठरवली, ते निदान बरं केलं.

उलट इलिनॉय विद्यापीठाचे विश्वस्त साधारण जानेवारीत येत्या फॉलची (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या सत्राची) फी मंजूर करतात. नॉर्थ कॅरोलिनात कॅम्पसचे प्रस्ताव हिवाळ्याआधी वर जातात आणि फेब्रुवारीच्या सुमारास मंडळ मत देतं. म्हणजे लवकर ठरवणं अशक्य नाही. जोखीम कोणी घ्यायची, विद्यापीठाने की पालकाने, एवढाच प्रश्न आहे.

ताजं उदाहरण फ्लोरिडाचं. जून २०२५ मध्ये तिथल्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सने विद्यापीठांना बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी त्याच फॉलपासून १० टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा दिली. २०२६ च्या फॉलपर्यंत मिळून मर्यादा १५ टक्के. १ मे केव्हाच होऊन गेला होता.

आपापल्या राज्याचं लिहा. शक्यतो कायदा काय म्हणतो आणि बिलावर काय दिसतं, दोन्ही.

निंबोळी

कॅलिफोर्नियापासून सुरुवात करते. 'कधी' या प्रश्नावर तिथे कायदा करावा लागला, कारण त्याआधी फारच वाईट झालं होतं.

२००९ मध्ये मंदी आणि राज्याची तिजोरी रिकामी. कॅल स्टेटने (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) मे महिन्यात १० टक्के वाढ केली आणि जुलैत, वर्ग भरायला महिना राहिला असताना, त्यावर आणखी २० टक्के. एकूण ३२ टक्के. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) रीजंट्सनी, म्हणजे विश्वस्त मंडळाने, नोव्हेंबर २००९ मध्ये ३२ टक्के वाढ दोन हप्त्यांत केली, त्यातला पहिला हप्ता वर्षाच्या मध्यावर! २०११ च्या जुलैत तोच खेळ पुन्हा: यूसीने आधी ठरलेल्या ८ टक्क्यांवर ९.६ टक्के चढवले, कॅल स्टेटने आधीच्या १० टक्क्यांवर १२.

त्यानंतर २०१२ मध्ये असेंब्ली बिल ९७० आलं. त्याने फीवाढीचा क्रमच बांधून दिला. आधी विद्यार्थी संघटनेशी सल्लामसलत, त्यात वाढ का हवी, पर्याय कोणते तपासले आणि आर्थिक मदतीवर काय परिणाम होईल हे सांगायचं. मग जाहीर सूचना. मग उघड बैठकीत फक्त चर्चा. मतदान नंतरच्या, वेगळ्या बैठकीत. मंजुरी आणि वसुली यांच्यातही ठरावीक अंतर. जुलैत ठरवून ऑगस्टच्या बिलात घालायची सोय गेली.

यातली मेख अशी: कायदा कॅल स्टेटला 'करावं लागेल' म्हणतो आणि यूसीला 'विनंती' करतो. यूसीला राज्यघटनेच्या नवव्या कलमानेच स्वायत्तता आहे, विधिमंडळ तिला असा हुकूम देऊ शकत नाही. त्यामुळे 'कॅलिफोर्नियात कायदा आहे' हे वाक्य दोन्ही संस्थांना सारखं लावू नका.

क्रम प्रत्यक्षात कसा चालतो ते कॅल स्टेटच्या २०२३ च्या वाढीत दिसलं. जुलैत चर्चा, १३ सप्टेंबर २०२३ ला मतदान, लागू २०२४ च्या फॉलपासून. पाच वर्षं दरसाल ६ टक्के: ५,७४२ डॉलरवरून ६,०८४, मग ६,४५०, ६,८३८, ७,२४८ आणि २०२८-२९ ला ७,६८२. वाढ कमी नाहीच, पण सहा वर्षांचे आकडे आज समोर आहेत. २०२४ ला आत गेलेल्या मुलाची चार वर्षांची बेरीज २६,६२० डॉलर, ही कोणीही कागदावर करू शकतो. हा फक्त सिस्टमचा भाग. कॅम्पसची फी वेगळी असते आणि ती कॅम्पसगणिक बदलते.

यूसीने वेगळी वाट धरली. जुलै २०२१ मध्ये मंजूर झालेल्या योजनेनुसार २०२२ च्या फॉलपासून प्रत्येक तुकडीची ट्यूशन (शिकवण्याची मूळ फी) सहा वर्षांपर्यंत तीच राहते. पुढच्या तुकडीची वाढते, महागाईच्या दराला बांधलेली, कमाल ५ टक्के. बाहेरच्या राज्यातल्यांचा अधिभारही तुकडीपुरता स्थिर असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो ३४,२०० वरून ३७,६०२ झाला, पण २०२५ ला नव्याने येणाऱ्यांसाठीच. आधीच आत असलेल्यांचं बिल जसंच्या तसं राहिलं.

पायरीवाला

छान सुरुवात. इलिनॉयचं मी लिहितो, कारण तुकडीनिहाय कुलूप (प्रवेशाच्या वेळचा दर पुढेही तोच) राज्याच्या कायद्याने लावणाऱ्यांत ते सुरुवातीचं राज्य आहे.

ट्रुथ-इन-ट्यूशन कायदा २००३ चा, लागू २००४ च्या फॉलपासून. सरकारी विद्यापीठात पहिल्यांदा नाव नोंदवताना जी ट्यूशन होती तीच सलग चार शैक्षणिक वर्षं. अभ्यासक्रमच पाच वर्षांचा असेल तर तेवढा काळ. २०१० च्या दुरुस्तीने पुढची दोन वर्षंही अर्धवट झाकली: चार वर्षांत पदवी झाली नाही तर तुमच्या नंतरच्या तुकडीचा दर लागतो, त्या दिवशीचा चालू दर नाही.

लोक अडखळतात ते इथे:

– 'सलग' हा शब्द. मध्ये सेमिस्टर सोडायचं असेल तर आधी रजिस्ट्रारकडून लेखी घ्या की हमी चालू राहील. सैन्यातली सेवा आणि आजारपण यांचे नियम वेगळे असतात.

– फक्त ट्यूशन. हॉस्टेल, मेस, आरोग्य विमा आणि विद्यार्थी फी दरवर्षी वाढू शकते.

– इंजिनिअरिंग, बिझनेस, केमिस्ट्री यांचे दर अर्बाना-शँपेनला मुळातच जास्त आहेत. दुसऱ्या विषयातून तिकडे गेलात तर कुलूप त्या विषयाच्या दराला लागतं. जुना स्वस्त दर सोबत येत नाही.

– कम्युनिटी कॉलेजातून बदली करून येणाऱ्याचं घड्याळ विद्यापीठात आल्यावर सुरू होतं, त्यामुळे त्याला तिसऱ्या वर्षात त्या वर्षीचा नवा दर मिळतो. स्वस्तात दोन वर्षं काढायचा हिशेब करताना ही ओळ राहून जाते.

– कायद्याची सक्ती इलिनॉयच्या रहिवाशांपुरती. बाकीच्यांना विद्यापीठाने आपणहून दिलं तर दिलं. त्यासाठी विद्यापीठाचं धोरण वाचा.

कायदा विद्यापीठाला जानेवारीतच ठरवा असं म्हणत नाही, पण चार वर्षांचा दर एकदाच सांगायचा असल्याने त्यांना लवकर आणि विचार करून ठरवणं भाग पडतं. २०१५-१६ ते २०१९-२० सलग पाच वर्षं इलिनॉय विद्यापीठाने राज्यातल्या मुलांची ट्यूशन गोठवून ठेवली होती. तेही २०१५ ते २०१७ राज्याला पूर्ण बजेटच नसताना. त्या काळात मॅप ग्रँटचे (गरजू विद्यार्थ्यांना राज्याची मदत) पैसे मात्र अडकले होते. फी स्थिर आणि मदत बेभरवशाची, असा उलटा प्रकार.

दोन ओळी

कुलपाचं फार कौतुक नको. फुकट काही नसतं.

समजा फी दरवर्षी ३ टक्के वाढते आणि पहिल्या वर्षी १०,००० आहे. चार वर्षांचे आकडे १०,०००, १०,३००, १०,६०९, १०,९२७. बेरीज ४१,८३६. विद्यापीठाला तेवढेच पैसे कुलूप लावून हवे असतील तर पहिल्याच वर्षी १०,४५९ मागावे लागतील, म्हणजे नवख्या मुलासाठी साडेचार टक्के जास्त. तो दोन वर्षांनी बदली करून गेला तर त्याने २०,३०० ऐवजी २०,९१८ भरलेले असतात. ६१८ डॉलर कोणाच्या खिशातून? जो मध्येच सोडून जातो त्याच्या. आणि मध्येच सोडणारी मुलं बहुतेक पैशाच्या अडचणीनेच सोडतात.

पायरीवाला

@दोन ओळी, गणित बरोबर आहे, पण ते विद्यापीठाला पुढच्या वाढीचा अंदाज तंतोतंत आला असं धरून आहे. वाढ ५ टक्क्यांनी झाली तर न-कुलूपवाल्याची बेरीज ४३,१०१ होते. कुलूपवाला ४१,८३६ च भरतो, १,२६५ वाचतात. वर निंबोळीताईंनी लिहिलेल्या वर्षांत तर ३२ टक्के वाढ झाली. पहिल्या वर्षी घेतलेली जास्तीची रक्कम हा विम्याचा हप्ता समजा.

दोन ओळी

विमा असेल तर घ्यायचा की नाही हे घेणाऱ्याने ठरवावं. या बाबतीत टेक्सासचं मला जास्त पटतं. २००३ मध्ये हाउस बिल ३०१५ ने फी ठरवायचा अधिकार विद्यापीठांच्या मंडळांकडे दिला. राज्याने ठरवलेली वैधानिक ट्यूशन रहिवाशांना दर क्रेडिट-तासाला ५० डॉलर, तिला कोणी हात लावत नाही. वाढतो तो 'डेझिग्नेटेड' नावाचा दुसरा भाग, तोच मोठा आहे. फी भराभर वाढल्यावर २०१३ मध्ये हाउस बिल २९ आलं: प्रत्येक सरकारी विद्यापीठाने निदान सलग १२ सेमिस्टरची स्थिर योजना देऊ केलीच पाहिजे, पण ती घ्यायची सक्ती विद्यार्थ्यावर नाही.

निवड पहिल्या नोंदणीच्या वेळी करायची असते, नंतर बदलता येत नाही किंवा फार अवघड जातं. काही न निवडल्यास कोणती योजना आपोआप लागते हे विद्यापीठागणिक वेगळं आहे. ऑनलाइन फॉर्मवर तो चौकोन शोधा. यूटी डॅलसला मात्र निवड नाही, तिथे २००७ पासून सगळ्यांनाच चार वर्षांची हमी आहे.

बाहेरच्या राज्यातल्यांसाठी टेक्सासच्या कायद्यात एक सुंदर कलम आहे. त्यांची वैधानिक ट्यूशन म्हणजे टेक्सास सोडून सर्वांत जास्त लोकसंख्येच्या पाच राज्यांत टेक्सासच्या मुलाला जी फी पडते तिची सरासरी. हा आकडा राज्याच्या समन्वय मंडळाने त्याच वर्षीच्या १ जानेवारीपर्यंत, किंवा नंतर जमेल तितक्या लवकर, विद्यापीठांना कळवायचा. 'कधी' हे कलमातच लिहिलेलं. फक्त त्यावर डेझिग्नेटेड भाग चढतो आणि तो मंडळ ठरवतं, हे विसरू नका.

कट्टा_तीन

प्रश्न: कायद्यात 'ट्यूशन' गोठवली म्हणतात तेव्हा 'फी' त्यात धरतात की नाही? बिलावर सात-आठ ओळी असतात.

वळचण

बहुतेक वेळा नाही, आणि वाढ नेमकी त्याच फटीतून शिरते.

सर्वांत ठळक नमुना मॅसॅच्युसेट्सचा. तिथे ट्यूशनचे पैसे राज्याच्या तिजोरीत जात आणि फी विद्यापीठाकडे राहत असे. मग विद्यापीठ काय वाढवणार? यूमास ॲमहर्स्टला राज्यातल्या मुलाची ट्यूशन वर्षानुवर्षं १,७१४ डॉलर होती, आणि 'करिक्युलम फी' नावाची ओळ तिच्या कितीतरी पट. राज्याची ॲडम्स शिष्यवृत्ती ट्यूशन माफ करते. म्हणजे 'पूर्ण ट्यूशन माफ' असं पत्र घरी यायचं आणि बिलातून १,७१४ वजा व्हायचे. पैसे ठेवायचा अधिकार विद्यापीठाला मिळाल्यावर २०१६-१७ पासून दोन्ही ओळी एक केल्या, पण शिष्यवृत्तीची किंमत तेवढीच राहिली.

फीसकट बांधायचं तर नॉर्थ कॅरोलिनाचा २०१६ चा कायदा बघा. रहिवासी पदवी विद्यार्थ्यांची ट्यूशन सलग आठ सेमिस्टर स्थिर (पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला दहा), आणि सक्तीच्या फीची वाढ वर्षाला ३ टक्क्यांच्या आत. त्याच कायद्याने काही कॅम्पसची ट्यूशन सेमिस्टरला ५०० डॉलरवर आणली: आधी एलिझाबेथ सिटी, पेम्ब्रोक आणि वेस्टर्न कॅरोलिना, पुढे फेएटव्हिल स्टेट. बाहेरच्या राज्यातल्याला तिथे सेमिस्टरला २,५०० ची ट्यूशन ठरवली. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते, सगळे चॅपल हिल आणि एनसी स्टेटकडेच बघतात.

ओहायो स्टेटची हमी आणखी पुढे जाते. २०१७ च्या फॉलपासून राज्यातल्या मुलांना ट्यूशन, सक्तीची फी, शिवाय राहणं-खाणं, चार वर्षं स्थिर.

बिल वाचताना चार ढीग करा. एक, मूळ ट्यूशन. दोन, सक्तीची फी, जी सगळ्यांना लागते: आरोग्य केंद्र, बस, व्यायामशाळा, तंत्रज्ञान. तीन, विषयाचा अधिभार. हा कधी वेगळ्या ओळीत असतो, कधी ट्यूशनमध्येच मुरवलेला, आणि बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या वर्षापासून लागतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या तक्त्यात दिसतच नाही. चार, कोर्सची फी: प्रयोगशाळा, स्टुडिओ, ऑनलाइन वर्ग. कायद्यातल्या मर्यादा बहुधा पहिल्या ढिगाला, क्वचित दुसऱ्याला लागतात. तिसरा-चौथा मोकाट. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असाल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची वेगळी फी हा पाचवा ढीग.

आरोग्य विमा आपोआप लावलेला असतो. घरचा विमा असेल तर तो नाकारायची मुदत वर्ग सुरू होण्याच्या आसपास संपते. मुदत गेली की दोन-तीन हजारांचा भुर्दंड, आणि यात कुठलाही फी-कायदा मदतीला येत नाही.

सातबारा

व्हर्जिनियाचा नमुना तिसऱ्या जातीचा. तिथे कुलूप नाही, मर्यादा नाही, फक्त आधी सांगायची सक्ती. मंडळाने पदवीची ट्यूशन किंवा सक्तीची फी वाढवण्याआधी निदान ३० दिवस तीन गोष्टी जाहीर करायच्या: वाढीचा अंदाजित पट्टा, वाढ का हवी त्याचं स्पष्टीकरण, आणि मतदानाची तारीख व जागा. २०१९ पासून मतदानाआधी लोकांना बोलू देणंही बंधनकारक आहे.

व्यवहारात पालकाच्या उपयोगाचा आहे तो पट्टा. '० ते ४.९ टक्के' असं लिहिलेलं असेल तर घरचं बजेट वरच्या टोकाने बांधा. विद्यापीठं वरचं टोक ऐसपैस ठेवतात, कारण जाहीर केलेल्या पट्ट्याबाहेर जायचं तर सगळा सोपस्कार पुन्हा करावा लागेल. मतदान बहुधा वसंतात होतं, त्यामुळे १ मेच्या आधी निदान पट्टा तरी हातात असतो.

सूचनेच्या कायद्यांची खोट उघड आहे: ३० दिवस आधी सांगून कितीही वाढवा. जाहीर सुनावणीत बोलल्याने आकडा क्वचितच हलतो. माझ्या मते तरीही हे कायदे स्वस्त आणि कामाचे आहेत, कारण त्यांना राज्याच्या तिजोरीतून दमडी लागत नाही आणि स्पष्टीकरण लेखी द्यावं लागल्याने पुढच्या वर्षी ते तोंडावर फेकता येतं.

निंबोळी

लेखी शब्दावरून आठवलं. यूसीने काही व्यावसायिक पदव्यांच्या विद्यार्थ्यांना लिहून दिलं होतं की त्यांची व्यावसायिक फी शिक्षण संपेपर्यंत वाढणार नाही, आणि मग वाढवली. शिवाय २००३ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात काहींना आधी एका दराने बिलं पाठवून नंतर जास्त वसूल केले. काश्मिरी विरुद्ध रीजंट्स या खटल्यात २००७ ला अपील न्यायालयाने विद्यार्थ्यांची बाजू घेतली. 'फी सूचना न देता बदलू शकते' हे वाक्य विद्यापीठाच्या छापील मजकुरात होतंच, पण नेमकं दिलेलं वचन सर्वसाधारण इशाऱ्यापेक्षा वजनदार ठरलं. तीन कोटी डॉलरच्या वर भुर्दंड पडला, आणि तो भरून काढायला यूसीने सगळ्या विद्यार्थ्यांवर वर्षाला ६० डॉलरचा अधिभार लावला! जिंकले एका पिढीचे विद्यार्थी, भरले पुढच्यांनी.

यातून घ्यायचं ते एवढंच: हमीचं पान ज्या दिवशी डिपॉझिट भराल त्या दिवशीच पीडीएफ करून ठेवा. संकेतस्थळावरचा मजकूर उन्हाळ्यात बदलतो.

रिमझिम

वॉशिंग्टन राज्य. इथे वाढ किती हे सूत्राने बांधलं आहे, त्यामुळे 'कधी' हा प्रश्न बराचसा बोथट होतो.

२०१५ मध्ये विधिमंडळाने चक्क फी कमी केली. पहिल्या वर्षी ५ टक्के, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत यूडब्ल्यू (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन) व वॉशिंग्टन स्टेटची मिळून १५ टक्के, प्रादेशिक विद्यापीठांची २० टक्के. त्यापुढे रहिवासी पदवी विद्यार्थ्यांची वाढ राज्यातल्या मध्यम ताशी वेतनाच्या मागच्या १४ वर्षांच्या सरासरी वाढीपेक्षा जास्त नाही. १४ वर्षांची सरासरी असल्याने एका वर्षाच्या उसळीने आकडा फारसा हलत नाही. तोंडी हिशेबाला २ ते ३ टक्के धरलेत तर फार चुकणार नाही.

कमतरता: बाहेरच्या राज्यातल्या आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना हे लागू नाही. मंदीत विद्यापीठाला अनुदान कमी झालं तर फीने भरून काढता येत नाही, मग वर्ग कमी होतात, लोकप्रिय विषयात जागा मिळत नाहीत. यूडब्ल्यूला कॉम्प्युटर सायन्सची दारं किती अरुंद आहेत ते इथल्यांना सांगायला नको, अर्थात त्याची कारणं आणखीही आहेत.

मिशिगनचा उपाय याहून गमतीदार. तिथेही विद्यापीठं घटनेने स्वायत्त, म्हणून विधिमंडळ मर्यादा घालत नाही, बजेटमध्ये अट घालतं: अमुक टक्क्यांच्या वर फी वाढवलीत तर कामगिरीचं अनुदान विसरा. २०१५ मध्ये मर्यादा ३.२ टक्के असताना ओकलंड आणि ईस्टर्न मिशिगन या दोघांनी ती सरळ ओलांडली. गेलेल्या अनुदानापेक्षा वाढीव फीचे पैसे कितीतरी जास्त होते. दंड फायद्यापेक्षा लहान ठेवला की असं होणारच.

कट्टा_तीन

फ्लोरिडात फी इतकी कमी कशी?

हिशेबनीस

कारण तिथे रहिवाशांची मूळ ट्यूशन मंडळ नाही, विधिमंडळ ठरवतं. दर क्रेडिट-तासाला १०५.०७ डॉलर, आणि गेल्या दहाहून जास्त वर्षांत ती हललेली नाही. सगळी फी धरून फ्लोरिडा विद्यापीठात ताशी २१२.७१, म्हणजे ३० तासांच्या वर्षाला ६,३८० च्या आसपास. रहिवाशाला तिथे 'कधी' विचारायची गरजच पडत नाही. बाहेरच्याला पडते, ते वर लिहिलंय.

उंबरठा

अवांतर, पण विचारतो: महाराष्ट्रात असं काही आहे का? सीईटीच्या कॅप राउंडला पर्याय भरताना तिथेही पुष्कळदा अंतरिमच फी दिसते.

सातबारा

आहे, पण रचना वेगळी. विनाअनुदानित खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांसाठी २०१५ चा प्रवेश व शुल्क विनियमन कायदा. त्यातून शुल्क नियामक प्राधिकरण आलं, त्याआधी शिक्षण शुल्क समिती होती. महाविद्यालयाने खर्चाचे हिशेब देऊन प्रस्ताव आधी पाठवायचा, प्राधिकरण तपासून शुल्क ठरवतं. मुळाशी टी. एम. ए. पै (२००२) आणि इनामदार (२००५) हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल: नफेखोरी नाही, कॅपिटेशन नाही, पण वाजवी शिल्लक चालेल. म्हणजे तिथे खाजगी संस्थेच्या फीला सरकार वेसण घालतं आणि इथे सरकारी संस्थेच्याच फीला. तिकडचं वेगळ्या धाग्यात लिहू, नाहीतर हा धागा भरकटेल.

वळचण

पैसे प्रत्यक्ष भरतानाचा भाग राहिला. फी उशिरा ठरते त्याचा फटका ५२९ खात्याला (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) बसतो.

५२९ मधून काढलेले पैसे आणि खर्च एकाच कॅलेंडर वर्षात बसवा. शैक्षणिक वर्ष इथे चालत नाही. स्प्रिंगचं बिल डिसेंबरमध्ये येतं आणि मुदत जानेवारीत असते. डिसेंबरात भरलंत तर डिसेंबरातच काढा. जुन्या आकड्यावर जास्त काढून ठेवलेत आणि खर्च कमी निघाला, तर जास्तीच्या रकमेतल्या नफ्यावर कर आणि १० टक्के दंड. वर्ग सोडल्यामुळे विद्यापीठाने पैसे परत केले तर ६० दिवसांत खात्यात परत भरता येतात. म्हणून फॉलसाठी अंदाजावर काढू नका, बिल हातात आल्यावर काढा.

ज्यांचं उत्पन्न बसतं त्यांनी ४,००० डॉलरची ट्यूशन ५२९ बाहेरून भरावी, म्हणजे अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट या करसवलतीचे पूर्ण २,५०० मिळतात. तोच खर्च दोन्हीकडे दाखवता येत नाही. जोडीने विवरणपत्र भरणाऱ्यांना १,६०,००० च्या वर सवलत कमी होत जाते आणि १,८०,००० ला संपते. दोघं आयटीत असतील तर हा परिच्छेद सोडून द्या.

पायरीवाला

एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांबद्दल व्यनि येतायत, म्हणून इथेच लिहितो. अनेक राज्यांत एच-४ वरचं मूल रहिवासी दराला पात्र ठरू शकतं, एफ-१ वरचं सहसा नाही. २१ पूर्ण होऊन एफ-१ झालं की तिसऱ्या-चौथ्या वर्षात दर बदलायचा धोका असतो, आणि मग कुलूप कुठल्या दराला लागलं होतं हा वाद सुरू होतो. रहिवास कोणत्या दिवशी मोजतात तेही पाहा. कॅल स्टेटमध्ये फॉलसाठी तो दिवस २० सप्टेंबर आहे आणि त्याआधी पूर्ण एक वर्षाचा रहिवास दाखवावा लागतो. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर घर हलवण्याची तारीख या दिवसाकडे बघून ठरवा.

कट्टा_तीन

शेवटचा प्रश्न. तक्त्यावर 'अंदाजे' असेल तर फोन कोणाला करायचा? आर्थिक मदत कार्यालय म्हणतं बर्सरला (फी घेणाऱ्या कार्यालयाला) विचारा, बर्सर म्हणतात मंडळाने ठरवलेलं नाही.

हिशेबनीस

दोघंही खरं बोलतायत. फोनवर आकडा विचारू नका, दोन तारखा विचारा: मंडळ कधी मत देणार, आणि मंजुरीनंतर मदतीचं पत्र नव्या खर्चावर पुन्हा मोजणार का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर वाढीचा सगळा भार तुमच्यावर.

मग मंडळाच्या सचिवांचं पान उघडा. बैठकीची विषयपत्रिका सहसा काही दिवस आधी लागते आणि फीच्या ठरावाला जोडलेल्या परिशिष्टात विषयवार, रहिवासी-अनिवासी, नवे-जुने असा पूर्ण तक्ता असतो. बातम्यांत फक्त सरासरी टक्का येतो. मागच्या तीन वर्षांचे ठरावही तिथेच सापडतात. त्यातल्या सर्वांत मोठ्या वाढीने १ मेला हिशेब करा. जुलैत आकडा त्याखाली आला तर उरलेल्यात पुस्तकं होतील.

दोन ओळी

पुस्तकं नाही हो, पार्किंगचा पास.

हिशेबनीस

तोही कुठल्याच कायद्यात नाही. कोलोराडो, जॉर्जिया आणि ॲरिझोनावाल्यांनी आपापलं जोडा. ॲरिझोनाबद्दल विशेष हवं आहे, तिथे राज्यघटनाच शिक्षण 'शक्य तितकं विनामूल्य' असावं म्हणते आणि तरी रीजंट्स फी ठरवतात.